आधी आपली रेघ, मग एआय: चित्रांतून स्वतःकडे पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं काय असतं?

मनात जे चाललंय ते चित्र, नकाशा, रंग किंवा फोटो अशा रूपात कागदावर नाहीतर स्क्रीनवर मांडायचं, थोडं लांब होऊन त्याकडे पाहायचं, आणि मग वाटलं तर एआयला त्यावर प्रश्न विचारायला लावायचं. एवढंच. आम्ही सात-आठ जण दोनेक वर्षं महिन्यातला एक रविवार यासाठी भेटतो. मी चित्रकलेची शिक्षिका आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवते. नवीन येणारी माणसं पहिल्या दिवशी जे विचारतात तेच इथे घेतलंय. आमच्यात एकच नियम कडक आहे: आधी तुमची रेघ, मग तुमचे शब्द, यंत्राची पाळी सगळ्यांत शेवटी. तो का, ते पुढे येईलच.

मला चित्र काढता येत नाही. चालेल का?

उलट बरंच. ज्यांचा हात बसलाय त्यांनाच जास्त त्रास होतो. पहिले तीन-चार रविवार मी छायाप्रकाशासकट सुबक काहीतरी काढत बसले, आणि त्यात माझ्याबद्दल काडीचंही नव्हतं. याउलट गटातल्या एका निवृत्त काकांनी बँकेतल्या सवयीने नुसते चौकोन आणि बाण काढले. बायको, मुलगा, सोसायटी, गावची जमीन, गुडघा, असे पंधरा चौकोन. ‘मी’ लिहिलेला चौकोन कुठेच नव्हता. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

मी डायरी लिहिते. मग चित्र कशाला?

डायरी सोडू नका. लिहिण्याचा उपयोग होतो यावर बरंच काम झालंय. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या त्यांच्या कमी झाल्या.

चित्राचं काम वेगळं आहे. लिहिताना एका वाक्यामागून दुसरं येतं, आणि त्या ओघात आपण स्वतःची समजूत घालत जातो: “तसं काही नाही, पण…” चित्रात हा ‘पण’ काढता येत नाही. भावाचं वर्तुळ लहान काढलंत की ते लहानच दिसतं, तेही बाकीच्या सगळ्यांच्या शेजारी, एकाच वेळी.

कुठलं ॲप घ्यायचं?

पाठकोरा कागद आणि मुलांची रंगपेटी. हे सांगितलं की लोकांचा विरस होतो, पण पहिल्या दोन-तीन वेळा खरंच दुसरं काही नको.

पुढे स्क्रीनवर यायचं असेल तर एक्स्कॅलिड्रॉ फुकट आहे आणि त्यातल्या रेघा मुद्दामच हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे नीटनेटकेपणाचा सोस सुटतो. मिरो किंवा फिगजॅमवर चिकटचिठ्ठ्या लावता येतात. कॅनव्हा मी सांगत नाही. त्यातले तयार नमुने इतके देखणे असतात की माणूस स्वतःचं दुःखही लग्नपत्रिकेसारखं सजवून ठेवतो. रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवायला डेलिओ बरं आहे. आणि फोनची गॅलरी विसरू नका. गेल्या महिन्यात तुम्ही कशाकशाचे फोटो काढलेत ते सलग पाहिलं तर लक्ष कुठे होतं ते कळतं. माझ्याकडे एका जूनमध्ये बेचाळीस फोटो निघाले, त्यांतले एकतीस औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट.

स्क्रीनचा खरा फायदा एकच: काढलेली वस्तू हलवता येते. कागदावर ‘आई’ जिथे काढली तिथेच राहते. स्क्रीनवर ते वर्तुळ बोटाने ओढून स्वतःच्या जवळ आणून बघा. कधी बोट सहज सरकतं, कधी अर्ध्यात अडखळतं. ते अडखळणं टिपून ठेवा. हलवण्याआधी मूळ चित्राची एक प्रत मात्र करून ठेवा, नाहीतर सगळं छान छान मांडून झाल्यावर सुरुवातीला काय होतं हेच आठवत नाही.

पहिल्यांदा बसल्यावर काय करू?

वीस मिनिटं काढा आणि फोनची नोटिफिकेशन्स बंद करा. गेल्या आठवड्यात डोक्यात ज्या ज्या गोष्टींनी जागा अडवली त्यांची वर्तुळं काढा: माणसं, कामं, दुखणी, कर्जाचा हप्ता, काहीही. जितकी जागा अडवली तितकं वर्तुळ मोठं. महत्त्व किती असायला हवं ते पाहू नका, जागा किती अडवली ते पाहा. नंतर स्वतःला काढा. मग चित्र उलटं करून ठेवा आणि चहा प्या.

परत आलात की चित्राखाली तीनच वाक्यं लिहा: काय दिसतंय, कशाचं नवल वाटलं, काय काढायचं राहिलं. बहुतेकांची सुई तिसऱ्या वाक्याशी अडते. ही वाक्यं लिहून होईपर्यंत एआय उघडायचं नाही.

मूड-ॲपमधल्या भावना मला लागूच पडत नाहीत. माझं चुकतंय का?

नाही, शब्द अपुरे आहेत. यातली बरीच ॲप्स जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलेल्या नकाशावर उभी आहेत. त्याची एक रेघ सुखद ते असुखद, दुसरी जोम कमी ते जोम जास्त, आणि मिळून चार खण. येल विद्यापीठातल्या मार्क ब्रॅकेट यांच्या कामातून या खणांचे रंग रूढ झाले: जोम जास्त आणि असुखद तो लाल, जोम कमी आणि असुखद तो निळा, जोमाचा सुखद तो पिवळा, शांत सुखद तो हिरवा. ‘हाऊ वी फील’ हे मोफत ॲप याच रंगांवर चालतं.

नकाशा चांगला आहे, पण त्यावरची गावं परकी. म्हणून आम्ही एका रविवारी त्यात मराठी शब्द भरले. लाल खणात चीड, धास्ती, तगमग, घालमेल. निळ्यात मरगळ, खिन्नता, खंत. पिवळ्यात हुरूप. हिरव्यात निवांतपणा आणि ‘हायसं वाटणं’, ज्यासाठी आम्हाला दुसरा शब्दच सापडला नाही. मग कुणीतरी म्हणालं, “हुरहुर कुठे?” त्यावर अर्धा तास गेला. लेक परदेशी असलेल्या बाई ती निळ्यात ठेवायला निघाल्या, लग्न ठरलेला मुलगा पिवळ्यात. शेवटी आम्ही ती रेघेवरच ठेवली.

त्याहून उपयोगी वाद पश्चात्तापाच्या शब्दांवर झाला. ॲपमध्ये त्यासाठी एकच बटण असतं. आपल्याकडे चुटपुट वेगळी: पाहुणे गेले आणि आठवलं की लाडू द्यायचे राहिले. रुखरुख म्हणजे काहीतरी अर्धवट राहिलंय आणि ते दिवसभर टोचतंय. हळहळ बहुतेकदा दुसऱ्याच्या नुकसानीची. खंत वर्षानुवर्षं मुक्कामाला असते. ज्याला आपण ‘गिल्ट’ म्हणून मोकळे होतो ती नुसती चुटपुट आहे हे कळलं तर निम्मं ओझं उतरतं. कारण चुटपुटीवर उपाय असतो, फोन करून सांगता येतं की लाडू राहिले. भावनेला शब्द देण्याने ती थोडी निवळते याला आधारही आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर पाहिलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याची चाहूल घेणाऱ्या मेंदूतल्या भागाची, खळबळ कमी होते.

रंगही ॲपचेच घ्यावेत असं नाही. गटातल्या एकीने साड्यांचे रंग घेतले: अबोली, डाळिंबी, मोरपंखी, राखाडी, आणि दोन्ही बाजूंनी वेगळ्या दिसणाऱ्या दिवसांसाठी धूपछाव. रोज एक चौकोन असे तीन महिने भरल्यावर ते साडीच्या काठासारखं दिसायला लागलं. त्यात धूपछाव इतके निघाले की तिने पुढच्या महिन्यापासून त्याचे दोन प्रकार केले.

एआयला नेमकं काय सांगायचं?

चित्राचा फोटो टाकून “याबद्दल काय वाटतं?” असं विचारलंत तर पानभर गोड निबंध येईल. आम्ही हे वापरतो, जसंच्या तसं घ्या:

“हे चित्र मी काढलं आहे. त्याचा अर्थ सांगू नकोस, सल्ला देऊ नकोस, कौतुकही करू नकोस. चित्रात जे दिसतं त्यावरून मला एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार. माझं उत्तर आल्यावरच पुढचा. पाच प्रश्न झाले की थांब आणि माझ्या उत्तरांतली तीन वाक्यं मला जशीच्या तशी परत दाखव.”

शेवटची अट सगळ्यांत मोलाची. यंत्राला तुमची वाक्यं घासूनपुसून द्यायची खोड असते. “मला दादाचा राग नाही, कंटाळा आलाय” याचं ते “भावासोबतच्या नात्यात तुम्हाला थकवा जाणवतो आहे” करतं, आणि त्यातून ‘कंटाळा’ निसटतो. तिसऱ्या प्रश्नाच्या आसपास ते सल्ल्यावर येतंच. “फक्त प्रश्न” म्हणून पुन्हा दटवा.

आणखी एक युक्ती: स्वतःबद्दल नावाने बोला. “मी का चिडले?” ऐवजी “सुनीता का चिडली?” मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत स्वतःशी असं नावाने बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःपासून जरा लांब होणं सोपं गेलं. नाव अर्थातच खोटं घ्या. कारण खाली खासगीपणाच्या प्रश्नात आहे.

एआयने माझ्या चित्राचा जो अर्थ सांगितला तो अगदी बरोबर होता. विश्वास ठेवू का?

राशिभविष्यही कितीदा बरोबर निघतं! १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास त्याचं’ व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. “तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात” हे कुणाला लागू पडणार नाही?

दुसरी गोष्ट १९६६ ची. एमआयटीतल्या जोसेफ वायझनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. तुम्ही म्हणालात “मला आईचा राग येतो”, की तो विचारणार, “घरातल्यांबद्दल आणखी सांगा.” समजत काहीच नव्हतं, शब्दांची फिरवाफिरव होती. तरी वायझनबाउम यांच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी तो प्रोग्राम डोळ्यांदेखत तयार होताना पाहिला होता, थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर त्यांना म्हणाल्या की तुम्ही जरा बाहेर जाता का? आजची यंत्रं एलायझापेक्षा कितीतरी हुशार आहेत, पण बाहेर जायला सांगणारी माणसं तीच आहेत, मीसुद्धा.

काळा रंग म्हणजे दुःख, दार नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, असले ठोकताळे कुणीही सांगितले तरी घेऊ नका. आमच्यातल्या एकाने सगळं काळ्याने काढलं होतं, कारण बाकीच्या पेनांची शाई संपली होती.

एआय नेहमी माझीच बाजू का घेतो?

कारण माणसांना आवडलेली उत्तरं जास्त देत जावीत अशीच त्याची घडण होते, आणि आपली री ओढलेली कुणाला आवडत नाही? हे कंपन्यांनाही माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अपडेट थोड्याच दिवसांत मागे घेतलं, कारण ते वापरणाऱ्याची फारच हांजी हांजी करायला लागलं होतं.

यावर आमचा उपाय: भांडणाचं चित्र दोनदा काढायचं. एकदा आपल्या जागेवरून, एकदा समोरच्याच्या. एआयला दोन्ही द्यायची, पण यांतलं आपलं कुठलं ते सांगायचं नाही. एका सूनबाईंनी हे केलं आणि यंत्राने मोठ्या जिव्हाळ्याने सासूबाईंची बाजू घेतली. बाई दोन दिवस गटावर बोलल्या नाहीत.

चित्र एआयकडूनच बनवून घेतलं तर?

नियम मोडलात, पण एका वेगळ्या कामासाठी मोडून पाहा. मी एकदा लिहिलं: कोकणातलं कौलारू घर, संध्याकाळ, चूल, आजी स्वयंपाक करतेय. चित्र आलं ते दृष्ट लागण्यासारखं. घासलेली तांब्याची भांडी ओळीने, खिडकीतून सोनेरी कवडसा, आणि नऊवारीतली आजी माझ्याकडे बघून हसतेय. (नऊवारीचा काष्टा असा नेसवला होता की आजीने चूल सोडून आधी तो सोडला असता.)

मला राग आला. असं नव्हतंच! खिडकी नव्हती, धूर होता. भांडी ओळीने नव्हती, शिंकाळ्याखाली कोंबलेली होती. आणि आजी आमच्याकडे बघायची नाही. मला तिची पाठच आठवते, ओलसर पोलकं आणि हलणारा उजवा खांदा. हे लिहिताना पहिल्यांदा जाणवलं की मला आजीचा चेहरा स्वयंपाकघरातला आठवतच नाही, तो फक्त ओटीवरचा आठवतो, दुपारी तीननंतरचा.

तेव्हापासून आम्ही यंत्राकडून चित्र मागवतो ते चुका काढण्यासाठी. समोर ठेवायचं आणि “नाही, असं नव्हतं” ने सुरू होणारी निदान पाच वाक्यं लिहायची. त्यात जे येतं ते नुसतं “आठवणी लिहा” म्हटल्यावर येत नाही.

एक धोका आहे. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस जणांना त्यांचाच लहानपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसलेला बनावट फोटो दाखवला. कुणीच तशा फुग्यात बसलेलं नव्हतं, तरी काही मुलाखतींनंतर निम्म्या जणांना ती सहल थोडीफार ‘आठवू’ लागली. तेव्हा पाच वाक्यं झाली की ते चित्र पुसून टाका. घरच्या अल्बमच्या फोल्डरमध्ये तर ठेवूच नका.

व्हिजन बोर्ड करावा का?

म्हणजे हवं असलेलं सगळं, घर, गाडी, सहल, चित्रांनी एका फलकावर चिकटवणं. करा, मजा येते. पण गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अभ्यासांतून दिसतं की सगळं मिळालंय अशी रम्य कल्पना रंगवत बसलं की हातपाय हलवायचा जोर उलट ओसरतो. बंगल्याच्या चित्राशेजारी वाटेतला अडथळाही काढा. तो बहुधा आपलाच चेहरा असतो.

माझं खासगी कुठे जातं?

दुसऱ्याच्या संगणकावर. हे धरूनच चाला. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की डॉक्टर किंवा वकिलाशी बोलताना जी कायदेशीर गुप्तता मिळते ती चॅटजीपीटीशी बोलताना नाही. आणि २०२३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ७८ लाख डॉलर भरायची वेळ आणली होती, कारण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना गेली होती.

त्यामुळे चित्रात खरी नावं लिहू नका. ‘क’, ‘मोठी’, ‘गावचा’ चालतं. दुसऱ्यांचे चेहरे, रिपोर्ट, पासबुक यांचे फोटो टाकू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या गप्पा वापरून एआयला शिकवण्याची परवानगी बंद करा. चॅटजीपीटीत ‘टेम्पररी चॅट’ आहे. ती इतिहासात दिसत नाही, पण कंपनीकडे ३० दिवसांपर्यंत राहू शकते.

आणि खरं सांगू? आमच्या गटात आजवर दोघांचं गुपित फुटलं, दोन्ही वेळा घरात सगळ्यांना पासवर्ड माहीत असलेल्या टॅबमुळे.

एआयला मराठी कळतं का?

बोलण्यापुरतं चांगलं कळतं, मिंग्लिशही. मालवणी किंवा अहिराणी शब्द आला की ठोकून देतं, तेव्हा अर्थ तुम्हीच सांगा. चित्रातली देवनागरी अक्षरं ते अजूनही अधूनमधून मोडकी काढतं. पण ज्या भाषेत तुम्ही भांडता त्याच भाषेत उत्तरं द्या. इंग्रजीत आपण सगळेच फार समंजस होतो.

रोज करावं का?

नको. पेनेबेकर यांचे विद्यार्थीही चारच दिवस लिहीत होते. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये स्वतःकडे पाहण्याचे दोन प्रकार वेगळे केले: एक कुतूहलाने पाहणं, दुसरं तेच ते उगाळणं. चित्रात फरक लगेच दिसतो. ओळीने तीन चित्रं तीच, त्याच जागी तेच वर्तुळ, आणि खालची वाक्यंही तीच आली तर महिनाभर बंद ठेवा आणि ज्याचं वर्तुळ आहे त्याच्याशी बोला.

रात्री अकरानंतर एआय उघडायचं नाही, असा आमच्यातल्या तिघांनी स्वतःपुरता नियम केलाय. ते कधीच “आता झोप” म्हणून फोन ठेवत नाही.

हे समुपदेशन आहे का?

नाही. काढताना किंवा नंतर झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर चित्र बाजूला ठेवा आणि माणसाला गाठा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आम्ही गटाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये घालायला लावतो, ज्यांना कधी लागणार नाही असं वाटतं त्यांनाही.

जुन्या चित्रांचं काय करायचं?

मागे तारीख घाला आणि तीन महिने पाहू नका. नंतर एका दुपारी जमिनीवर सगळी पसरा, पण खालची वाक्यं झाकून. आधी चित्र पाहून तेव्हा काय चाललं होतं ते आठवा, मग वाक्यं उघडा. दोन्ही जुळत नाहीत ती चित्रं ठेवा. बाकीची फाडली तरी हरकत नाही. स्क्रीनवरची असतील तर ॲपमधून, गॅलरीतून आणि क्लाउडमधून अशी तिन्हीकडून काढावी लागतात. एआयच्या चॅटमध्ये टाकलेली चौथीकडून. बँकेतल्या काकांनी त्यांचे पंधरा चौकोन ठेवलेत. मध्यंतरी त्यांनी कोपऱ्यात सोळावा काढला, पेन्सिलने.